एक कागद कमी

फाइल उघडून केनेल्वेने यादी पुन्हा एकदा वाचली आणि चिलेशेकडे पाहिलं. लग्नाचा दाखला होता, दोघांच्या नावाचं पाणीबिल होतं, तिच्या आत्याचं साक्षपत्र होतं. त्याच्या कंपनीचं पत्र मात्र नव्हतं.

"विसरलो," चिलेशे म्हणाला. "शनिवारी आणतो."

मागच्या शनिवारी तो जुनी भाडेपावती विसरला होता. हा माणूस बोअरचे पंप दुरुस्त करायचा. एक चकती इकडची तिकडे झाली तरी नुसत्या आवाजावरून ओळखायचा. आणि स्वतःच्याच राहण्याच्या परवान्याचे कागद विसरत होता. तिला राग आला, पण तिने यादीवर नुसती खूण केली.

तो झांबियाचा, ती इथलीच, गाबोरोनची. सहा वर्षांपूर्वी लग्न झालं, तेव्हापासून या देशात तो तिचा नवरा म्हणून राहत होता. परवान्यावर तसंच लिहिलेलं असे. गेले चौदा महिने तो गावाच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहतोय, हे परवान्याला ठाऊक नव्हतं.

भांडण असं झालंच नव्हतं. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं, तेव्हा तो पार वाळवंटात एका बोअरवर होता आणि तिथे फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी तो आला, केसांत वाळू तशीच. ती दवाखान्यातून परतून चादरी धूत होती. दारात उभं राहून त्याने विचारलं, "जेवलीस का?" तो प्रश्न तिच्या मनातून कधीच गेला नाही. पुढे तो एक बॅग घेऊन निघाला, तेव्हा तिने त्याला थांबवलं नाही.

एप्रिलमध्ये त्याचा फोन आला. परवाना जूनअखेर संपतोय, तिच्या सहीशिवाय वाढवून मिळणार नाही, एवढंच म्हणाला. गयावया केली नाही. केनेल्वेने दोन दिवस विचार केला. एवढ्यासाठी माणसाला देशाबाहेर काढायचं, हे काही तिच्याने होईना.

"सही देते," तिने कळवलं. "शिक्का पडला की आपण मोकळे. वकिलाकडून घटस्फोटाचे कागद आणून ठेवलेत मी."

"बरं," तो म्हणाला.

आत्याला हे पटलं नव्हतं. लग्नाची बोलणी तिनेच केली होती, त्यामुळे बोलायचा हक्कही तिचाच होता. परवाना हातात पडला की याला तुझं नावसुद्धा आठवायचं नाही, असं तिने चिलेशेच्या तोंडावर केनेल्वेला सांगितलं. तो मान खाली घालून चहा ढवळत राहिला. साक्षपत्र मात्र तिने सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.

अर्जासाठी दोघांचे वर्षभरातले फोटो हवे होते, आणि वर्षभरात एकही नव्हता. मग एका शनिवारी तिघं धरणावर गेली. तीनदा कपडे बदलले, तीन वेगवेगळ्या जागा शोधल्या.

"जवळ सरका की," फोन डोळ्यांसमोर धरून आत्या म्हणाली. "बसच्या रांगेत उभे आहात का?"

नुकत्याच रंगवलेल्या भिंतीला लावावा तसा चिलेशेने तिच्या खांद्याला हात लावला. तिसऱ्या फोटोत केनेल्वे हसली होती. कशाला, ते तिला घरी आल्यावर आठवेना.

कचेरीतून घर पाहायला कोणी येईल म्हणून तो बॅग घेऊन मागच्या खोलीत राहायला आला. आल्या आल्या त्याने गळका नळ दुरुस्त केला. कांदा-टोमॅटो घालून सुक्या बारीक मासळीचं कालवण केलं. एकेकाळी त्या वासावरून ती कटकट करायची. आता तिने न बोलता दोन ताटं मांडली.

कचेरीत दोघांना वेगवेगळं बसवून प्रश्न विचारतात, असं तिने कामावरच्या एकीकडून ऐकलं होतं. म्हणून जेवण झाल्यावर सराव. तिने वहीतून वाचलं, "बायको कशाने चिडते?"

त्याने समोरचं ताट बाजूला सारलं.

"मी तिथे नव्हतो, याने."

केनेल्वेने वही मिटली. "हे कचेरीत सांगू नकोस."

"तिथे नाही सांगत. तुला सांगतोय."

ती उठून भांडी घासायला लागली. तो फडकं घेऊन शेजारी उभा राहिला आणि एकेक ताट पुसत गेला.

जूनचा शेवटचा शुक्रवार उजाडला तरी कंपनीचं पत्र आलं नव्हतं. तिने रजा काढली आणि आहे ती फाइल घेऊन त्याला कचेरीत नेलं. रांगेत बसल्यावर तो म्हणाला, "केने, सोमवारी येऊ या का?"

"सोमवारी परवाना संपतोय."

"मला तुला काही सांगायचंय."

"फाइल देऊन झाल्यावर सांग," ती म्हणाली. जूनच्या हिवाळ्यात बाहेर कडाक्याची थंडी होती, तरी त्याच्या कपाळावर घाम होता. तेवढ्यात त्यांचा नंबर पुकारला. पासपोर्टची आणखी एक प्रत काढून आणतो, असं म्हणून तो घाईने बाहेर पडला.

ती एकटीच खिडकीशी गेली. फाइल पुढे सरकवली, पण बोटं सुटेनात. शिक्का पडला की आपण मोकळे, हे तिचेच शब्द होते, आणि आज तो शिक्का पडूच नये असं तिला वाटत होतं. खिडकीमागच्या पिकल्या केसांच्या बाईंनी फाइल हलकेच ओढून घेतली.

त्यांनी नाव टाइप केलं. पडद्याकडे पाहिलं, मग एकेक करून धरणावरचे फोटो पाहिले, पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"म्मा, हे सगळं कशासाठी?" त्यांनी अदबीने विचारलं.

"नवऱ्याच्या परवान्याची मुदत वाढवायची आहे. सोमवारी संपतोय."

"नाही हो. त्यांना तर नोकरीच्या जोरावर स्वतःचा पाच वर्षांचा परवाना मिळालाय," बाई म्हणाल्या. "गेल्या ऑक्टोबरमध्येच स्वतः येऊन, सही करून घेऊन गेलेत."