गाळणी

“हात उत्तम आहे तुमचा. औषधाची काही गरज नाही.” डॉक्टरांनी टॅब मुलीपुढे धरला. पडद्यावर बाबांनी नुकतंच काढलेलं वेटोळं होतं, कुठेही न अडखळलेलं. हात थरथरतो का ते पाहायला डॉक्टर प्रत्येक भेटीत असं वेटोळं काढून घेत.

बाबा घड्याळजी. पहिला नंबर आल्यासारखे ते खुर्चीत ऐसपैस बसले होते. मुलीला मात्र पटेना. घरी त्यांचा कप बशीवर किणकिणायचा. दुकानात बारीक स्क्रू चिमट्यातून निसटायचे. चष्म्याला, दिव्याला, टेबलाला बोल लावून झाले होते. नाचता येईना अंगण वाकडं!

“बाबा, पुन्हा एकदा काढा ना.”

डॉक्टर केसपेपरवर लिहू लागले. बाबांनी पडद्यावर पेन टेकवलं. रेघ करवतीसारखी दातेरी उमटत गेली. त्यांनी पेन उचललं आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळे दाते नाहीसे झाले.

ते नाहीसं होणं तिने झोपेतही ओळखलं असतं. रेघेतले नको ते बिंदू काढून मोजकेच ठेवणारा एक छोटा प्रोग्राम तिने लिहिला होता, आणि कोणीही घ्यावा, कुठेही वापरावा म्हणून इंटरनेटवर मोकळा सोडला होता. लाडाने ती त्याला गाळणी म्हणायची. नकाशेवाल्यांनी तो घेतला, खेळ बनवणाऱ्यांनी घेतला. डॉक्टरांचं हे अ‍ॅप बनवणाऱ्यानेही, फाइल हलकी व्हावी म्हणून, डोळे मिटून घेतला असणार. आणि गाळणीने नेमका आजारच गाळून टाकला होता.

“डॉक्टर, साधा कागद आहे?”

कागदावर बाबांचा हात लपला नाही. डॉक्टरांनी कागद उजेडात धरून बराच वेळ पाहिला. मग शांतपणे औषध लिहून दिलं. “वेळेवर कळलं,” एवढंच म्हणाले. तिच्या जिवात जीव आला, आणि लाजही वाटली.

बाहेर बाकावर तिने बाबांचा हात हातात घेतला. “चूक माझी आहे, बाबा. त्या टॅबमध्ये माझंच काम आहे. तुमची थरथर मीच पुसत होते.”

“ठाऊक आहे,” बाबा म्हणाले. “घरी मला रेघोट्या मारायला लावून तुझी गाळणी दाखवली नव्हतीस का? इथे पहिल्याच दिवशी ओळखली मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“थरथरत्या हातात कोण घड्याळ देतं, ठमे?” त्यांनी हात तिच्या हातातच राहू दिला. “झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि झाकणारी माझीच लेक. मग मी कशाला उघडू?”