अडतीस सेकंद

दार उघडून आई निनादकडे पाहत राहिली. तिच्या कानामागचा हिरवा दिवा लुकलुकत होता आणि आत शोकेसखाली सर्व्हर घरघरत होता. आईची स्मरणशक्ती आता त्याच्यावरच चालायची. निनाद उंबऱ्यावर चुळबुळत मोजत होता. अडतीस सेकंदांनी ती हसली. "अरे, तू होय! ये."

"पोटच्या पोराला ओळखायला एवढा वेळ?" दुरुस्तीला बोलावलेल्या तांबोळींवर तो खेकसला. "बदलून टाका हा खटारा."

"चौदा वर्षांत एकदाही माणूस चुकलेला नाही त्याचा. जुन्या डिस्कला मी हात लावणार नाही," तांबोळी शांतपणे म्हणाले. "शेजारी एक छोटी, वेगवान डिस्क बसवतो. वर्षभरात जे रोज लागलं, ते तिच्यावर जाईल. बाकीचं आहे तिथेच राहील."

तासाभरात काम झालं. तेवढ्यात इस्त्रीवाला आला. "काय रे दगडू, परवाची साडी कुठंय?" आईने बघताक्षणीच विचारलं. शेजारच्या कुंदाताई डोकावल्या, त्यांनाही तिने लगेच हाक मारली. हिरवा दिवा एकदाही लुकलुकला नाही.

निनादला राहवेना. तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं आणि बेल दाबली.

आईने दार उघडलं. हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आत जुनी डिस्क त्याचा चेहरा शोधत घरघरली, पण आई आता तिच्यासाठी थांबली नाही.

"या ना, बसा," आई अदबीने म्हणाली. "निनादकडे आलात का? येईलच तो. रोज वाट बघते मी त्याची."