आठवं प्यादं

डॉक्टर सोराबजींनी पितळी डबा टेबलावर पालथा केला आणि बोटाने एकेक प्यादं बाजूला सारत मोजलं. सहा पांढरी, एक काळं.

"एकच काळं," ते म्हणाले. "पण नियम म्हणजे नियम. काळुरामचं नाव बाद. कोणी टाकलं ते मी विचारत नाही. पण आज या क्लबाची मला लाज वाटते."

एक काळं निघणार हे प्रभाकररावांना ठाऊक होतं. ते त्यांनीच टाकलं होतं. पण ते एकटंच निघेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणखी तिघेचौघे तरी काळंच टाकतील, त्या गर्दीत आपलं कोण ओळखतंय, असं ते धरून चालले होते. आणि इथे पेणकर ओव्हरसियर, पास्कोल मास्तर, एवढंच काय, घरी सोवळंओवळं पाळणारे गोविंदराव वकीलसुद्धा पांढरं टाकून मोकळे झाले होते!

राणीच्या ज्युबिलीच्या साली ठाण्यात निघालेला हा सात जणांचा बुद्धिबळाचा क्लब. पारशी, बेने इस्रायल, किरिस्ताव, ब्राह्मण, परभू एका टेबलाशी बसतात याचा डॉक्टरांना कोण अभिमान! पाण्याचा तांब्या मात्र ज्याने त्याने घरून आणायचा. बुद्धिबळाचा संच एकच होता, पांढरी मोहरी हस्तिदंती, काळी शिसवी, आणि तो काळुरामनेच भेट दिलेला. खाडीकाठच्या मिठागराचा मालक, जातीचा आगरी, आणि खेळाडू असा की प्रभाकरराव गेली पाच वर्षं दर रविवारी त्याच्या ओट्यावर जाऊन आनंदाने हरून येत. क्लबात त्याचं नाव सुचवलं तेही त्यांनीच.

मग आठ दिवसांपूर्वी होणारे व्याही कल्याणहून आले. मुलीचं, शालूचं, लग्न वैशाखात धरलं होतं. बोलणी गोडीगुलाबीत झाली. निघताना जोडे पायात सरकवत व्याही म्हणाले, "तुमच्या क्लबात आता मिठागरवाले बसणार म्हणे? आमच्या घरी वडीलधारी माणसं आहेत, रावसाहेब. बघा बुवा." एवढंच बोलले, पण त्या दिवसापासून प्रभाकररावांची झोप उडाली.

मताची रीत साधी होती. प्रत्येकाच्या हातात त्याच संचातलं एक पांढरं आणि एक काळं प्यादं. पांढरं म्हणजे हो, काळं म्हणजे नको. मताचं प्यादं डब्यात टाकायचं, उरलेलं थैलीत. प्रभाकररावांनी मत टाकलं खरं, पण उरलेलं पांढरं प्यादं थैलीत टाकताना कुणाच्या नजरेस पडेल या धास्तीने ती मूठ त्यांनी तशीच कोटाच्या खिशात नेली.

"आता त्याचा संच आपल्याकडे ठेवणं शोभत नाही," डॉक्टर म्हणाले. "प्रभाकरराव, तुम्ही त्याचे मित्र. तुम्हीच उद्या परत करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काळुराम ओट्यावर वाट पाहत बसला होता. शेजारी मिठाची रास उन्हात चकाकत होती. डोक्याला नवंकोरं पागोटं होतं. क्लबासाठी घेतलेलं, हे विचारायची गरज नव्हती.

"या राव! काय जाला?"

प्रभाकररावांनी पेटी खाली ठेवली. "एक काळं निघालं, काळुराम."

"एकुच?"

"एकच."

काळुराम पेटीकडे बघत राहिला. मग त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "म्हंजे सा जनांना तं मी चालतो," तो म्हणाला. "सा जन काय कमी नाय, राव. तो एक कोन, ता नका सांगू. उगाच मनान ऱ्हातं. बसा. पट आनलाच हाय तं एक डाव खेलू."

त्याने पट पसरला. काळी मोहरी मांडली, मग पांढरी. शेवटच्या घराशी त्याचा हात थांबला. त्याने पेटी उलटी करून आपटली, थैली झटकली, मांडलेली प्यादी पुन्हा मोजली. पांढरी सातच होती.

मताची ती रीत प्रभाकररावांनीच महिन्यापूर्वी याच ओट्यावर त्याला समजावून सांगितली होती, मोठ्या हौसेने. त्यांचा हात खिशात गेला. कोट कालचाच होता. प्यादं बोटांना लागलं. काढावं, त्या घरात ठेवावं, पाय धरावेत, काहीतरी करावं, असं त्यांना फार वाटलं. पण हात काही केल्या बाहेर येईना.

काळुरामने त्या खिशाकडे एकदा पाहिलं. मग रास होती तिकडे हात लांबवून त्याने मिठाचा एक बरा खडा निवडला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि रिकाम्या घरात ठेवला.

"शालूचा लगीन वैशाखान ना?" त्याने विचारलं.

प्रभाकररावांनी मान हलवली.

"बरा जाला. पांढरी तुमची. चला, राव."

डाव लांबला, ऊन चढलं. काळुरामने पांढऱ्याचे हत्ती मारले, घोडे मारले, वजीर मारला, एकेक करून सातही प्यादी मारली. मिठाच्या खड्याला मात्र त्याने शेवटपर्यंत हात लावला नाही.