तुंबलेली टाकी

जोतिरामने लॉरीच्या टाकीची नळी तोंडातून काढली आणि पचकन थुंकला. फुंकून फुंकून गाल दुखायला लागले, तरी वारा काही पलीकडे जाईना.

"मुडदा बशिवला त्या भावक्याचा!" तो ओरडला.

भावकू त्याचा धाकटा भाऊ. जोतिरामच्याच लॉरीवर क्लीनर होता आणि बेचाळीस साली झेंडा घेऊन गावोगाव फिरत होता. इंग्रजांच्या लढाईसाठी लॉरी आणि ड्रायव्हर दोन्ही न्यायला लष्कराचे लोक आले, नेमकी त्याच सकाळी लॉरी बंद पडली ती पडलीच. टाकीत काय कालवलं ते भावकूच जाणे. पुढे कुपनावरचं पेट्रोलही मिळेना. लॉरी गोठ्याशेजारच्या छपरात पडली, कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागल्या, आणि तिचा मालक जोतिराम निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती पाठीवर वाहू लागला. जी पोती आपल्या लॉरीतून न्यायची तीच पाठीवर! चार वर्षं त्याने हा राग रोज भाकरीबरोबर गिळला होता.

आता लढाई संपली होती. बॅटरी भरून आणली होती, टायर ठिगळं लावून फुगवले होते. उद्या सकाळी वखारीपुढे लॉरी उभी राहिली नाही तर व्यापारी दुसरी बघणार होता. आणि खाली उतरवून ठेवलेल्या या टाकीच्या तळाशी काळा चिकट राप बसला होता. जोतिरामने कुपनाचं पेट्रोल ओतून टाकी खळाखळा हलवली, तारेने खरवडली, पुन्हा ओतलं. राप जागचा हलेना.

त्याची बायको गुणाबाई कढत पाण्याचं तपेलं पदराने धरून आली. "ह्ये ओता."

"पाणी? पेट्रोलच्या टाकीत पाणी? याड लागलंय काय तुला?"

"पेट्रोलात इरघळायचं न्हाय ते. कढत पाण्यानंच सुटंल."

जोतिरामचा हात थांबला. "ते म्हंजे काय?"

दोन मिस्त्री येऊन बघून गेले होते. एकाने गंज म्हटलं, दुसऱ्याने जुन्या पेट्रोलचा चिकटा. पाण्याचं नाव कुणीच काढलं नव्हतं. जोतिरामने तारेला लागलेला राप बोटावर घेतला आणि जिभेला लावला. पेट्रोलच्या जळजळीखालून गोड चव आली.

"गूळ," तो म्हणाला.

"व्हय. मी टाकला. खडं करून."

हातातला पाना भिंतीवर जाऊन आदळला. कोंबड्या ओरडत पळाल्या.

"माझ्याच घरात बसून माझ्या अन्नात माती कालवलीस?"

"लॉरी न्हेली असती तर तुमीबी संगं गेला असतासा."

"गेलोच असतो! माझी लॉरी दुसऱ्याच्या हातात दिली असती व्हय?"

"म्हणूनच टाकला."

तिच्या मुस्काटात द्यायला त्याचा हात वर गेला आणि तसाच राहिला.

"आणि भावकूला मी लॉरीच्या हँडलनं हाणलं, त्याचं डोस्कं फुटलं, त्यो घर सोडून गेला, तवा तू कुठं हुतीस गं?"

"हितंच. दारात."

"आईची आन घिऊन सांगत हुता पोरगा, मी काय केलं न्हाय म्हणून!"

"ऐकत हुते. बोलले असते तर दुसऱ्या दिशी टाकी धुऊन गेला असतासा. दोघांतला एक घरातनं जाणारच हुता. मी तुमास्नी ठेवून घेतलं."

जोतिरामचा राग तिच्यावर होता तेवढाच स्वतःवर, कारण हँडल काही तिने मारलं नव्हतं. त्याने तपेलं हिसकावलं आणि टाकीत रिकामं केलं. भांड्यामागून भांडं ती आणत गेली, तो ओतत गेला. आधी काळं पाणी आलं, मग तांबूस, मग नितळ. उन्हात टाकी वाळली, पुन्हा जागेवर चढली, उरलेलं पेट्रोल आत गेलं.

ऊन कलताना जोतिरामने हँडल मारलं. इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. जी गोष्ट व्हावी म्हणून त्याने चार वर्षं काढली ती झाली, आणि त्याला तिळभर आनंद झाला नाही.

"चढ वर," तो म्हणाला.

"कुठं?"

"सदलग्याला, भावकूकडं. लोकाच्या मळ्यात राबतोय त्यो. त्याच्या म्होरं उभं ऱ्हाऊन तूच सांगायचंस."

"पेट्रोल निपाणीपुरतंच उरलंय न्हवं? उद्याची पोती?"

"जाऊंदेत खड्ड्यात!"

गुणाबाईने दाराला कडी घातली आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. लॉरी खडखडत रस्त्याला लागली. निपाणीचा फाटा आला तसा मागेही पडला. जोतिरामने तिकडे मान वळवली नाही.

"भाऊजींनी माझ्यावर हात टाकला तर," समोर बघत गुणाबाई म्हणाली, "मधी पडू नगासा. तवा मीबी पडले न्हवते."