अर्धी मिशी

"मॅडम, तुमच्या जुन्या वर्णनावरूनच घडवलेत," म्हणत तरुण संशोधक इरावतीने काचेची पेटी उघडली. नामशेष झालेले किडे हल्ली प्रयोगशाळेत असेच जन्मत.

निवृत्त कीटकतज्ज्ञ नलिनीताई वाकल्या. हिरवे पंख, पाठीवर सात ठिपके, आणि प्रत्येक भुंगेऱ्याची डावी मिशी अर्धीच!

त्या काळी एकच नमुना सापडला होता. टाचणीला लावताना ताईंच्या यजमानांच्या चिमट्याने त्याची मिशी मोडली. ते गप्प बसले आणि ताईंनी तेच जातीचं लक्षण म्हणून लिहिलं. छापून आल्यावर त्यांनी कबूल केलं, तेव्हा ताई आठवडाभर बोलल्या नव्हत्या. आता भांडायलाही ते नव्हते.

"काही चुकलंय का मॅडम? दुरुस्त करू?"

एक भुंगेरा ताईंच्या बोटावर चढला.

"नको गं. ह्यांच्या हातची आहे ती."