सावल्या बंद

"चालेल हो मावशी, पण धापा टाकत चालेल," दुकानातला विक्रेता म्हणाला. "हा गेम फार जड आहे. थोडा वरचा लॅपटॉप घ्या, नाहीतर नातू तुमच्या नावानं खडे फोडेल."

"नातवासाठी नाही. मलाच खेळायचाय."

विक्रेत्यानं आलेलं हसू खोकल्यात घालवलं. समोरची बाई निवृत्त नर्स होती. केस पांढरे, नखं अजून ड्यूटीवर असल्यासारखी बारीक कापलेली. वरच्या लॅपटॉपची किंमत वाचून तिनं तापल्या तव्यावरून काढावा तसा हात मागे घेतला.

"ह्यातच बसव कसंतरी."

त्यानं गेम उघडला आणि एकेक गोष्ट कमी करत गेला. गवत, पाण्यावरची चमक, आणि शेवटी सावल्या. "सावल्या बंद केल्या की भार उतरतो. माणसं दिसतील, फक्त त्यांच्या सावल्या पडणार नाहीत."

"आवाज नीट येईल ना?"

"एकदम."

"मग सावल्यांवाचून काही अडत नाही."

त्यानं तिची बोटं बटणांवर ठेवली. पडद्यावरचा तिचा सैनिक निघाला तो थेट भिंतीला जाऊन भिडला, आणि तिथंच चालत राहिला.

"मावशी, भिंत आहे समोर."

"मग तिला सांग ना बाजूला व्हायला!"

दोघंही हसले. त्यानं हेडफोन पुढे केला. "हा माइक तोंडाशी घ्यायचा. गड्यांशी बोलत बोलत खेळायचं."

"बिनमाइकचा दे."

"अहो, मग बोलणार कशा?"

तिनं हेडफोन अलगद काउंटरवर ठेवला. "मुलगा लांब असतो माझा. फोनवर 'जेवलीस का, बरी आहेस ना' झालं की विषय संपला. सुट्टीत आला होता, तेव्हा दाराआडून ऐकलं. हा गेम खेळताना किती बोलतो रे तो! कोण कुठली पोरं, पण त्यांच्याशी पोट धरून हसतो. मी चहा घेऊन आत गेले, की गप्प. त्याच्या गड्यांत शिरून मी बोलले, तर माझा आवाज ओळखेल तो."

विक्रेत्यानं उगाचच लॅपटॉप पुसला. मग चाचरत म्हणाला, "पण मावशी, गप्प बसणाऱ्याला तिथं लगेच हाकलतात."

तिनं पर्स जवळ ओढली.

"थांबा, थांबा. एकाला नाही हाकलत. औषधपट्टी करणाऱ्याला. कुणी जखमी होऊन पडला, की ह्यानं धावत जायचं आणि त्याला उठवायचं. ते काम कुणालाच नको असतं. तो नाही बोलला तरी त्याला कोण काढतंय?"

"औषधपट्टी?" तिनं पर्स खाली ठेवली. "जन्म गेला माझा त्यात. दाखव बघू."

त्यानं तिच्या सैनिकाला पट्टीवाला केलं. पडद्यावर एकजण उन्हात कोसळून कण्हत होता. ह्या वेळी ती भिंतीला धडकली नाही. नेमकी त्याच्यापाशी गेली, गुडघ्यांवर बसली, आणि विक्रेत्यानं दाखवलेलं बटण दाबून धरलं. तिचे ओठ हलत होते.

तो जखमी उठला. बंदूक सावरली, आणि मागे वळूनही न बघता पळत सुटला.

"अस्सा," ती म्हणाली. "हाच दे बांधून."