चौथा बोल्ट

उद्धवने मोटरसायकलच्या मागच्या चाकाच्या नटाला पाना लावला आणि परत काढला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"पप्पा, तो नट चावतो का तुम्हाला?" वर्षाली म्हणाली. ती काळेवाडीतल्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये उलट्या बादलीवर बसली होती. शेजारी नवा टायर दहा दिवसांपासून पडून होता.

नटावर लाल रेघ होती. नटावरून निघून मागच्या लोखंडावर उतरलेली, एवढीशी. नट फिरला की ती तुटणार होती. रेघ अंजलीने ओढलेली होती. अंजलीला जाऊन येत्या रविवारी वर्ष होणार होतं.

नवरा-बायको दोघं चाकणच्या एकाच कंपनीत होते. तो गाड्यांचे भाग जोडायचा, ती तपासायची. लाइनवर एक नियम होता. बोल्ट एकाने आवळायचा आणि दुसऱ्याने तपासून त्यावर खूण करायची. आवळणाऱ्याने स्वतःच खूण करायची नाही. रेघ सरळ दिसली तर बोल्ट जागेवर, तुटलेली दिसली तर सैल झाला.

घरी ही मोटरसायकल आली आणि तो नियमही घरी आला. गाडी उंच होती, कच्च्या आणि डोंगरातल्या रस्त्यांवर चालणारी. बाकीचं उद्धवने घरीच केलं. अंजलीला चढायला जड जायचं म्हणून सीटचा फोम इंचभर कापला. मागे सामानाचं स्टँड बसवलं. इंजिनखाली दगड लागू नयेत म्हणून पत्रा लावला. तो आवळायचा. ती खाली मांडी घालून बसायची, प्रत्येक बोल्ट तपासायची आणि नेलपॉलिशने रेघ ओढायची. कंपनीत नखं रंगवायला बंदी होती. बाटल्या गाडीवरच संपायच्या.

"माझी हौस तुमच्या गाडीनं करून घेतली," ती म्हणायची.

ती गेल्यापासून त्याने गाडीचा एकही बोल्ट उघडला नव्हता. गाडी झाकून ठेवली आणि तो बसने कामाला जाऊ लागला. पण पंधरा दिवसांपूर्वी सासूचा, सोजराबाईंचा, भूमहून फोन आला.

"जावईबापू, वर्षश्राद्धाला यष्टीनं येऊ नका. ती गाडी घेऊन या. ती वाजली की मी दारात येऊन बसायचे. एकदा वाजू द्या."

तो हो म्हणाला होता. पण मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता. चाक काढल्याशिवाय जाता येणार नव्हतं.

"नट राहू द्या," वर्षाली म्हणाली. "आधी माझं फूटरेस्ट बघा. मागे मी बसणार आहे. त्याचा एक बोल्ट सैल आहे ना?"

उद्धवने पाना खाली ठेवला. ते त्याला तिने सांगायची गरज नव्हती. अंजलीचे गुडघे सुजायला लागले होते तेव्हा तिच्या सांगण्यावरून त्याने मागचं फूटरेस्ट दोन इंच खाली घेतलं होतं. पट्टी कापली, भोकं पाडली. तीन बोल्ट आवळले, तिने तीन रेघा ओढल्या. चौथ्याचा वायसर सापडेना. त्याने बोल्ट नुसता बोटांनी फिरवून ठेवला.

"उद्या आणतो. तोवर मागे बसू नको," तो म्हणाला होता.

मग तीन दिवस ओव्हरटाइम होता. चौथ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. वायसर त्याने नंतर आणला. कागदाच्या पुडीत तो अजून हत्यारांच्या पेटीत होता. वर्षभर त्याच्या मनात एकच येत होतं. तिने एवढंसं काम सांगितलं आणि तेही झालं नाही.

त्याने पुडी सोडली. गुडघ्यावर बसून चौथ्या बोल्टला हात घातला. बोल्ट हलेना. त्याने वाकून पाहिलं. वायसर होता. त्याने टॉर्क रेंच, ठरलेला जोर पोचला की वाजणारा पाना, लावला. जोर देताच रेंच टक्क करून वाजला. बोल्ट हवा तेवढाच आवळलेला होता.

"याला कुणी हात लावला?"

वर्षालीने वाकून पाहिलं. मग हळू म्हणाली, "आईच असणार. तुम्ही शिफ्टला होता. भाजी आणते म्हणून खाली गेली आणि भाजी न घेताच वर आली. हात काळे झाले होते. मी विचारलं तर हसली. म्हणाली, पप्पांना सांगू नको, बघू त्यांच्या लक्षात येतं का. मग दवाखाना झाला. माझ्या डोक्यातूनच गेलं."

भाजीवाल्याच्या शेजारी हार्डवेअरचं दुकान होतं. तिला तेव्हा दोन जिने चढताना मध्ये थांबावं लागायचं.

उद्धवने फडक्याने पट्टी पुसली. तीन बोल्टांवर लाल रेघा होत्या. चौथा कोरा होता.

"खूण करायची मात्र विसरली," वर्षाली म्हणाली.

"विसरली नाही. आवळला तिनं आहे," उद्धव म्हणाला. "खूण माझी राहिली होती."

पेटीच्या तळाशी बाटली होती. पॉलिश घट्ट झालं होतं. त्याने थोडं थिनर घालून बाटली बराच वेळ हलवली. मग चौथ्या बोल्टवर रेघ ओढली. रेघ थोडी वाकडी आली. तो ती सुकेपर्यंत बघत बसला.

मग त्याने बाटली वर्षालीच्या हातात दिली आणि मागच्या चाकाच्या नटाला पाना लावला.